बोटीत जागा कुणाला?

११ मे १९९८. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. शिवडीच्या आमच्या चाळीत सकाळी वंदना झाली, दुपारी खीर वाटली गेली. संध्याकाळी टीव्हीवर पंतप्रधानांनी जाहीर केले की, पोखरणला तीन अणुस्फोट केले आहेत. चाळीत एकच गलका झाला. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो. आम्ही पोरांनी दोन-दोन रुपये काढले, पेढे आणले आणि प्रत्येक खोलीत वाटले.

आमच्या खोलीत आलो. वडिलांच्या हातावर पेढा ठेवला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांनी पेढा तोंडात टाकला नाही. पाठीमागच्या फळीवर, घड्याळाशेजारी ठेवून दिला. म्हणाले, "आज पौर्णिमा. आजच्या दिवशी हे कशाला केलं असेल?" मला राग आला. सगळी चाळ आनंदात आणि आपले वडील तेवढे वेगळे, असे वाटले.

रात्री गॅलरीत माणसे जमली. पेढे संपले होते, आता भीती निघाली. "आज आपण फोडला, उद्या समोरच्याने मुंबईवर टाकला तर?" शेजारच्या मावशीने विचारले. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी फार सोपा उपाय सांगितला. "भाऊच्या धक्क्यावर माझा कोळी दोस्त आहे. त्याच्या बोटीत बायकापोरं घालायची आणि खोल समुद्रात जायचं. बॉम्ब शहरावर टाकतात, पाण्यावर कोण टाकणार? महिनाभर मासे खायचे. सगळं निवळलं की परत यायचं."

सर्वांना ते पटले. पोरे तर बोटीत कोण कुठे बसणार यावरून भांडू लागली. आप्पा बिडी विझवून म्हणाले, "काका, तीन गोष्टी सांगा. बोटीत गोडं पाणी किती दिवस पुरणार? बोट धुणार कोण? आणि परत लागणार कुठं?"

काका हसले. "आप्पा, तुम्ही गोदीतच राहा!"

आप्पा खरोखर गोदीतच राहिले. ठेकेदाराच्या हाताखाली जहाजे खरवडायचे काम त्यांनी सव्वीस वर्षे केले. हातोडी आणि तारेचा ब्रश घेऊन गंज काढायचा, जुना रंग काढायचा, टाक्यांत उतरून तळाचा गाळ भरायचा, मग नवा रंग मारायचा. घरी यायचे तेव्हा भुवयांत लाल धूळ असायची. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत मिसळू देत नसे. तोंडाला बांधायला कुणी काही दिले नाही. ते घरचे फडके बांधत. २००६ साली ते खोकून खोकून गेले. दाखल्यावर 'दमा' एवढेच लिहिले होते. ज्या माणसाने हजार जहाजे स्वच्छ केली, तो एकाही जहाजातून कुठे गेला नाही.

पुढे मी बी.कॉम. झालो, कारकुनी करू लागलो, संध्याकाळी वस्तीतली कामे पाहू लागलो. ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाच्या सभांना जाऊ लागलो. वाचनालयातून पुस्तके आणली. जसजसे वाचत गेलो तसतसे लक्षात आले की, आप्पांचे तीन प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. जगात ते प्रश्न खरोखर पडले होते आणि त्यांची उत्तरे माणसांनी आपल्या अंगावर सोसली होती.

हे सारे पुन्हा वर आले ते २०२५ च्या मे महिन्यात. सीमेवर विमाने आणि ड्रोन उडत होते. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या, मुंबईतही झाल्या. माझी मुलगी नववीत गेली होती. जेवताना तिने विचारले, "पप्पा, खरंच अणुबॉम्ब पडला तर आपण बोटीने समुद्रात जाऊ शकतो का? माझी मैत्रीण म्हणते, श्रीमंत लोक तसंच करणार आहेत."

सत्तावीस वर्षांनी तोच प्रश्न! मी तिला म्हटले, "बाळा, तुझ्या आजोबांनी याचं उत्तर विचारून ठेवलंय. जेवण आटप, सांगतो." तिला जे सांगितले तेच येथे लिहितो. आपल्या घरांतूनही हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असेल.

पहिला प्रश्न, गोडं पाणी.

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटे आहेत. पोवळ्याची लहान लहान बेटे कड्यासारखी गोल असतात आणि मध्ये शांत पाण्याचे सरोवर असते. त्यांतले एक बिकिनी. दुसऱ्या महायुद्धात ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली. मार्च १९४६ मध्ये तेथील १६७ माणसांना सांगण्यात आले की, मानवजातीच्या भल्यासाठी आणि युद्धे संपवण्यासाठी तुमचे बेट तात्पुरते हवे आहे. त्यांना जहाजात घालून दुसऱ्या बेटावर नेले. मग बिकिनीच्या सरोवरात नव्वदहून अधिक रिकामी जहाजे नांगरून ठेवली आणि अणुबॉम्बने जहाजांचे काय होते ते पाहण्याचे ठरले.

१ जुलै १९४६ ला पहिला बॉम्ब हवेत फोडला. दुसरा २५ जुलैला पाण्याखाली फोडला. पाण्याचा प्रचंड खांब आकाशात चढला आणि तो खाली कोसळला तेव्हा विषारी फवारा सगळ्या जहाजांवर बसला. जहाजे बुडाली थोडीच. बरीचशी वरून धडधाकट दिसत होती. पण त्यांच्यावर उभे राहणे धोक्याचे झाले होते.

मग खलाशांना हुकूम झाला, जहाजे धुवा. बादल्या, साबण, कॉस्टिक सोडा, ब्रश घेऊन पोरे डेकवर चढली. कित्येक जण उघड्या अंगाने. घासून घासून हात दुखले, पण यंत्राचा काटा उतरेना. किरणोत्सार रंगात शिरला होता, गंजात शिरला होता, लाकडाच्या भेगांत शिरला होता. माझ्या डोळ्यांसमोर आप्पा उभे राहिले. जो थर ते हातोडीने काढायचे, तोच हा थर.

आणि पाणी? खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे मोठ्या जहाजांवर असतात. जी जहाजे स्फोटाच्या वेळी लांब होती आणि नंतर सरोवरात आली, त्यांच्याही त्या यंत्रांत आणि नळांत तेच विष साचले. बाहेरच्या तळाला चिकटलेल्या शेवाळानेही ते शोषून घेतले. समुद्रात राहायचे तर समुद्राचेच पाणी आत घ्यावे लागते. पाणी घेतले की जे पाण्यात आहे तेही आत येते.

तेथील सुरक्षेचे प्रमुख डॉक्टर स्टॅफर्ड वॉरन यांनी अधिकाऱ्यांना एक पट्टी दाखवली. सरोवरातला एक मासा फोटोच्या काचेवर ठेवला होता. उजेड न लावता त्या माशाच्या अंगातल्या किरणोत्साराने त्याचे चित्र काचेवर उमटले होते. माशाने स्वतःचा फोटो स्वतःच काढला होता! ते पाहिल्यावर धुण्याचे काम थांबले आणि तिसरा स्फोट रद्द झाला. त्यातली बहुतेक जहाजे पुढे मुद्दाम बुडवून टाकावी लागली.

याच जुलै महिन्यात पॅरिसमध्ये एका माणसाने बायकांच्या पोहण्याच्या तोकड्या पोशाखाला 'बिकिनी' हे नाव दिले. बेट गेले, नाव तेवढे दुकानात राहिले.

दुसरा प्रश्न, बोट धुणार कोण.

याचे उत्तर जपानच्या तेवीस कोळ्यांनी दिले. त्यांच्या लाकडी बोटीचे नाव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन'. ट्यूना मासे धरायला ती याइझू बंदरातून निघाली होती. १ मार्च १९५४ च्या पहाटे ती बिकिनीच्या पूर्वेला, अमेरिकेने आखलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. अचानक पश्चिमेला सूर्य उगवावा तसा उजेड झाला. काही मिनिटांनी गडगडाट आला.

तो हायड्रोजन बॉम्ब होता. शास्त्रज्ञांचा अंदाज होता साधारण सहा मेगाटनचा. निघाला पंधरा मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. बॉम्बमधल्या लिथियमचा जो भाग स्वस्थ बसेल असे हिशेबात धरले होते, तोही पेटला. वाराही वस्तीच्या बेटांकडे वळल्याचे आदल्या दिवशी समजले होते, तरी स्फोट पुढे ढकलला नाही.

दोन-तीन तासांनी बोटीवर पांढरी राख पडू लागली. ती पोवळ्याची भाजलेली भुकटी होती. कोळ्यांना ते काय आहे हे माहीत नव्हते. ते मासे धरायचे दोर ओढत राहिले, कारण टाकलेले दोर सोडून जाणे कोळ्याला परवडत नाही. राख केसांत गेली, डोळ्यांत गेली, कुणी ती जिभेवर ठेवून पाहिली. संध्याकाळपर्यंत उलट्या सुरू झाल्या. मग कातडी काळवंडली, केस हातात येऊ लागले. अमेरिकन आरमाराला सुगावा लागू नये म्हणून त्यांनी वायरलेसवर कुणाला कळवले नाही.

आता पाहा. ती माणसे भर समुद्रात होती. चारही बाजूंना पाणी आणि वर मोकळे आकाश. काकांच्या बेतात होते अगदी तसेच. तेथून घर गाठायला दोन आठवडे लागले. त्यांनी डेक धुतला, पण दोरांत, कपड्यांत, झोपायच्या जागेत राख राहिलीच. पळण्यासाठी दुसरी जागा नव्हती. ज्या बोटीने ते पळत होते तीच विषारी झाली होती.

१४ मार्चला ते बंदरात पोहोचले. मासे बाजारात गेले आणि मग बातमी फुटली. सगळा जपान हादरला. त्या वर्षी शेकडो बोटींचे मासे तपासून पुरून टाकावे लागले. गरीब कोळ्यांचे आणि मासे विकणाऱ्यांचे हातावरचे पोट गेले. बोटीचे वायरलेस चालवणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी वारले. वय ४०. अणुबॉम्बचा आपण शेवटचा बळी ठरावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती.

बाकीचे जगले, पण कसे? माताशिची ओइशी नावाचा वीस वर्षांचा पोरगा त्यांत होता. भरपाईचे पैसे मिळाले म्हणून गावातले लोक जळू लागले आणि किरणोत्सारी म्हणून लोक टाळू लागले. तो गाव सोडून टोकियोच्या गर्दीत लपला. तेथे त्याने लाँड्री काढली. लग्न झाले, पहिले मूल मृत जन्मले. पुष्कळ वर्षे तो गप्प होता. १९८० च्या दशकात तो शाळेच्या मुलांपुढे बोलू लागला आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत बोलतच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या त्या माणसाच्या अंगावरची ती राख मात्र धुतली गेली नाही.

तिसरा प्रश्न, परत लागणार कुठं. हा सगळ्यांत कठीण.

तीच राख रोंगेलाप नावाच्या बेटावर पडली. बिकिनीपासून ते सुमारे दीडशे किलोमीटर दूर. रोंगेलापची ८२ माणसे राखेत सापडली. त्यांना आधी कुणी काही सांगितले नव्हते. पोरे ती राख हातात घेऊन खेळली. ती पाण्याच्या टाक्यांत पडली, जेवणात पडली. संध्याकाळी अंगाला खाज आणि उलट्या.

जवळच्या दुसऱ्या बेटावर हवामान पाहणारे २८ अमेरिकन सैनिक होते. त्यांना २ मार्चला विमानाने हलवले. रोंगेलापवर त्या दिवशी दोन माणसे यंत्र घेऊन आली, पाणी पिऊ नका म्हणाली आणि थोड्याच वेळात निघून गेली. गावकऱ्यांसाठी जहाज आले ते ३ मार्चला. तोपर्यंत पन्नास तास होत आले होते.

वाचकहो, मी हिशेबाचा माणूस आहे. खातेवहीत आधी कुणाचे नाव लिहिले जाते ते मी रोज पाहतो. बोट येते, पण ती सगळ्यांसाठी एकाच वेळी येत नाही.

त्यांना दुसऱ्या बेटावरच्या तळावर नेले आणि त्यांच्या अंगावरच्या जखमांचा, रक्ताचा, लघवीचा अभ्यास सुरू झाला. तुम्हाला अभ्यासात घेऊ का, असे त्यांना विचारले नाही. १९५७ मध्ये सांगितले, बेट आता ठीक आहे, परत जा. ती परत गेली. १९५८ च्या एका वैद्यकीय अहवालात लिहिले गेले की, ही माणसे त्या बेटावर राहिल्याने माणसांतील किरणोत्साराबद्दल फार मोलाची माहिती मिळेल. गावकऱ्यांना वाटत होते आपण घरी आलो. कागदावर ते नमुने होते.

मातीतले विष दिसत नाही. सिझियम नावाचे द्रव्य झाडाला पोटॅशियमसारखे वाटते. म्हणून माड ते मुळांनी ओढून नारळात भरतो. त्याचे बळ अर्धे व्हायलाच तीस वर्षे लागतात. स्ट्रॉन्शियम हाडांना कॅल्शियमसारखे वाटते, ते हाडांत बसते. आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साचते आणि लहान मुलांना ते सर्वांत जास्त बाधते. १९६३ पासून रोंगेलापच्या मुलांच्या गळ्यात गाठी निघू लागल्या. राख पडली तेव्हा एक वर्षाचा असलेला लेकोज अंजाइन १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याचे वडील जॉन अंजाइन तेव्हा गावचे प्रमुख होते. ज्या बापाने गावाला धीर द्यायचा, त्यालाच पोराची माती करावी लागली.

शेवटी १९८५ च्या मे महिन्यात रोंगेलापच्या लोकांनी स्वतःच बेट सोडले. अमेरिकेने हलवायला नकार दिला, तेव्हा त्यांचे प्रतिनिधी जेटन अंजाइन यांनी ग्रीनपीस संघटनेला साकडे घातले. 'रेनबो वॉरियर' नावाचे जहाज आले. तीनशेहून अधिक माणसे, मोडून काढलेल्या घरांची लाकडे आणि पत्रे, भांडीकुंडी, सगळे फेऱ्या करून मेजाटो नावाच्या लहानशा बेटावर नेले. आयांनी पोरांसाठी आपल्या पूर्वजांची भूमी सोडली.

येथे मुलीने मला थांबवले. "म्हणजे ते समुद्रातून सुटले ना, पप्पा?"

होय, सुटले. पण कसे? आणीबाणीत सुटले नाहीत. एकतीस वर्षे विष खाऊन, डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवून, तो मोडल्यावर सुटले. आणि दुसऱ्याच्या बेटावर, जेथे माड कमी आणि अन्न बाहेरून येणार, तेथे उतरले. त्यांना नेणारे ते जहाजही टिकले नाही. १० जुलै १९८५ रोजी न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात फ्रान्सच्या गुप्तहेरांनी ते स्फोटाने बुडवले. फर्नांडो पेरेरा हा छायाचित्रकार त्यात गेला. फ्रान्सही तेव्हा पॅसिफिकमध्ये अणुचाचण्या करत होता आणि हे जहाज त्याच्या आड येणार होते.

बिकिनीच्या माणसांचे तर विचारूच नका. पहिल्या बेटावर ती उपासमारीने खंगली. मग किली नावाच्या बेटावर ठेवली. किलीला शांत सरोवरच नाही. वर्षातले कित्येक महिने लाटा अशा आपटतात की होडी लावता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचे शेत करणारी माणसे समुद्राच्या मधोमध राहून समुद्राला पारखी झाली. १९६८ मध्ये बिकिनी सुरक्षित असल्याचे जाहीर झाले, काही कुटुंबे परतली, आणि १९७८ मध्ये त्यांच्या शरीरात सिझियम फार वाढल्याचे दिसल्यावर पुन्हा उचलली. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ अणुस्फोट झाले. 'तात्पुरते' म्हणून घेतलेले ते बेट त्यांना अजून नांदायला मिळालेले नाही.

ही तर नुसत्या चाचण्यांची गोष्ट. युद्ध झाले तर? २०२२ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. जळत्या शहरांचा काजळ धूर आकाशात उंच जाऊन बसतो, पाऊस त्याला धुऊ शकत नाही, ऊन अडते, पिके बुडतात, समुद्रातले मासेही कमी होतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यातच युद्ध झाले तरी जगात दोनशे कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे बोट कितीही दूर नेली तरी वरचे आकाश तेच. डिझेल संपणार, बर्फ संपणार, पाणी संपणार. बोट हे किनाऱ्याचे लेकरू आहे. किनारा मेला की बोट फार दिवस जगत नाही.

मुलगी गप्प झाली. मला वाटले, जेवणावर हे सांगायला नको होते. मग तिला या गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धवट राहते.

कोळ्यांची बोट परतल्यावर टोकियोच्या सुगिनामी भागात बायकांच्या एका सभेत मासे विकणाऱ्या बाईने विषय काढला. मासे विकले जात नाहीत, आमच्या पोरांनी खायचे काय, आणि तुम्ही याबद्दल काहीच का बोलत नाही? त्या बायकांनी कागद-पेन्सिल घेतली. घरोघर, गल्लोगल्ली, सह्या गोळा केल्या. मागणी एकच, अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब बंद करा. एका सुगिनामीत अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. वर्षभरात सगळ्या जपानमध्ये तीन कोटींवर गेल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली. त्याच चळवळीतून १९५६ साली अणुबॉम्बमधून वाचलेल्यांची संघटना निहोन हिदान्क्यो उभी राहिली. २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले.

आपल्या देशातूनही आवाज उठला होता. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या आहेत तेथेच थांबवा अशी मागणी केली. त्याच महिन्यात मार्शल बेटांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. कात्सुको सारुहाशी या जपानी शास्त्रज्ञ बाईंनी समुद्राचे पाणी मोजून दाखवले की, बिकिनीचे विष प्रवाहाबरोबर जपानपर्यंत येते. अमेरिकेत नेऊन त्यांची पद्धत तपासली, ती खरी निघाली. या सगळ्याचा जोर एकत्र झाला आणि १९६३ मध्ये हवेत, पाण्यात आणि अंतराळात अणुचाचण्या करायला बंदी घालणारा करार झाला. भारतानेही त्यावर सही केली. काम पुरे झाले नाही. जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या, १९९८ च्या आपल्या आणि पाकिस्तानच्याही. २०२१ पासून अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदीचा करार अमलात आहे, पण अणुबॉम्ब बाळगणारा एकही देश त्यात नाही, आपलाही नाही. तरी आता समुद्रावर तशी राख पडत नाही, यात त्या सह्यांचाही वाटा आहे.

आणि ती कोळ्यांची बोट? १९६७ मध्ये ती भंगारात निघाली. टोकियोत युमेनोशिमा म्हणजे 'स्वप्नांचे बेट' नावाची कचराभूमी होती, तेथे कचऱ्यात टाकून दिली. सामान्य लोकांनी ती शोधली, चळवळ केली, वाचवली. १९७६ पासून ती तेथेच एका संग्रहालयात उभी आहे. जी बोट कुणाला वाचवू शकली नाही, तिला माणसांनी वाचवले.

मुलीने विचारले, "मग आजोबांनी त्या पेढ्याचं काय केलं?"

पेढा आठ दिवस फळीवर होता. मुंग्या लागल्या तेव्हा आईने टाकून दिला. आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाले होते, "अरे, बॉम्बचा पेढा खाल्ला की बोटीत जागा मागायचा हक्क जातो." तेव्हा मला ते कळले नव्हते. आता कळते, पण आप्पांना सांगायला ते नाहीत.

१२ मे २०२५ ला पुन्हा बुद्धपौर्णिमा आली. दोन दिवसांपूर्वीच गोळीबार थांबला होता. विहारात महिला मंडळाच्या बायका जमल्या होत्या. मुलगी उभी राहिली आणि वहीतून लिहून आणलेले वाचू लागली. रोंगेलापची पोरे राखेशी खेळली हे वाचताना तिचा आवाज अडखळला. पुढच्या रांगेत ते खालच्या मजल्यावरचे काका होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी घेऊन येतात. वाचन संपले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तुझ्या आजोबांना मी हसलो होतो. माझी बोट रद्द समज."

मग त्यांनीच विचारले, "त्या बायकांनी सह्या कशावर घेतल्या होत्या? साध्या कागदावर ना?"

मुलगी म्हणाली, "हो आजोबा, साध्याच."

काकांनी हात पुढे केला. "मग तुझी वही दे. पहिली सही माझी."

त्या संध्याकाळी वहीत एकेचाळीस सह्या झाल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला. एकेचाळीस म्हणजे काही फार नाहीत. पण सुगिनामीतही पहिल्या दिवशी किती झाल्या असतील? वही आता आमच्या घरी फळीवर, घड्याळाशेजारी आहे. अजून बरीच पाने कोरी आहेत.